देसले सरांची आगाऊ सूचना

अभिमन तोताराम देसले मूळचे पिंपळनेरचे. पाचोऱ्याच्या एका कॉलेजात ते मराठी शिकवत. शिकवत म्हणण्यापेक्षा सांगत. पुस्तक हातात असे, पण बघत ते खिडकीबाहेर. आवाज असा, की शेजारच्या वर्गातली अर्थशास्त्राची पोरं हळूहळू बाकं सरकवत मधल्या भिंतीला येऊन टेकायची. एकदा तास संपल्याची घंटा द्यायला निघालेला मगन शिपाई गोष्ट ऐकत दारातच उभा राहिला, आणि त्या दिवशी अख्ख्या कॉलेजाचं वेळापत्रक कोलमडलं. प्राचार्यांनी मगनला झापलं. देसले सरांनी मात्र ती बातमी स्टाफरूममध्ये निदान आठवडाभर पुरवून पुरवून सांगितली.

सरांचा एक नियम होता. पुढं काय होणार, हे आधी सांगायचं नाही. कुणी गाइड वाचून शेवट आधीच बोलून टाकला, तर सर त्याच्याकडे असे बघत, जसं काही त्यानं लग्नाच्या पंगतीत सगळ्यांच्या आधी जिलबी उचलली. तास संपता संपता गोष्ट नेमकी ऐन जागी आणून सोडायची आणि डस्टर उचलून चालू पडायचं, ही त्यांची खास लकब. पोरी ओरडायच्या, "सर, वाचतो का तो?" सर म्हणायचे, "परवा बघू." परवा वर्ग भरलेला असायचा. इतर विषयांच्या प्राध्यापकांना हजेरीसाठी दंडाची भीती घालावी लागे. देसले सरांना एक अर्धवट वाक्य पुरायचं.

तर अशा या देसले सरांच्या तासातून एक मुलगी उठून गेली.

मार्च लागला होता, पंखे सुरू झाले होते. बीएच्या दुसऱ्या वर्षाला एक कथासंग्रह होता आणि त्यात 'कठडा' नावाची गोष्ट होती. लेखक फारसा कुणाला माहीत नाही, पण सरांची ती लाडकी गोष्ट. एक बाई भर उन्हात लहान लेकराला घेऊन शेतातल्या विहिरीवर येते. विहिरीला कठडा नाही. बाई दोर घरी विसरलेली. पोराला लिंबाखाली बसवते, "इथंच बस हं" म्हणते आणि दोर आणायला वळते.

इथं सर नेहमी आवाज उतरवत. पुढचं वाक्य होतं, 'दोर घेऊन ती परत आली, आणि लिंबाखाली…' आणि या 'लिंबाखाली'नंतर सर थांबत. मनात पाच अंक मोजत. वर्ग श्वास धरून बसे. त्या शांततेवर सरांचं फार प्रेम होतं.

त्या दिवशी सर दोनापर्यंत पोचले असतील नसतील, तोच बाक करकरलं. तिसऱ्या रांगेतली दिपमाला महाजन उठली, दप्तर खांद्याला लावलं आणि न विचारता, मागं न बघता दाराबाहेर गेली. अख्खा वर्ग तिच्याकडे बघत राहिला. सरांनी पुढचं वाक्य म्हटलं, पण ते कालवण नसलेल्या भाकरीसारखं कोरडं पडलं. कुणी हळहळलंही नाही.

घरी जेवताना सर म्हणाले, "इतकी वर्षं झाली. माझ्या तासातून कोणी उठलं असेल तर ते गाडीची वेळ झाली म्हणून. आणि तेही दारातून अर्धं अंग आत ठेवून ऐकत ऐकत. ही सरळ निघून गेली!"

त्यांची बायको उषाताई धुळ्याकडच्या. घरात त्या अहिराणीच बोलत. त्यांनी शांतपणे म्हटलं, "तिनं पोट दुखत व्हई."

"पोट दुखणारा माणूस चेहरा वाकडा करतो. हिचा चेहरा दगडासारखा होता. अपमान होता तो."

"तुम्हना का पोटना?"

सरांनी ताक मागितलं.

चारेक दिवसांनी प्राचार्यांनी भाषा विषयांच्या लोकांना केबिनमध्ये बोलावलं. प्राचार्य भूपेंद्र शिसोदे रसायनशास्त्राचे. नवीन काहीही निघालं की ते आपल्या कॉलेजात आधी व्हावं, असा त्यांचा ध्यास. त्यांच्या शेजारी इंग्रजीच्या हेमांगी भामरे मॅडम बसल्या होत्या. मॅडम वयानं लहान, दोन वर्षांपूर्वीच लागलेल्या, पण पोरी मनातलं काही सांगायचं झालं की त्यांच्याचकडे जात.

"भामरे मॅडमनी एक चांगली कल्पना मांडली आहे," प्राचार्य म्हणाले. "अभ्यासाला लावलेल्या पुस्तकात काही त्रासदायक असेल, म्हणजे मृत्यू, मारहाण, अत्याचार वगैरे, तर शिकवण्याआधी विद्यार्थ्यांना तशी सूचना द्यायची. बाहेर मोठ्या विद्यापीठांत देतात. आपणही द्यायची."

देसले सर खुर्चीत सरळ झाले. "म्हणजे गोष्टीत कोण मरणार हे मी आधी सांगायचं?"

"कोण मरणार हे नाही सर," हेमांगी मॅडम म्हणाल्या. "कुणीतरी मरतं, एवढंच. ज्याला ते सोसणार नाही, तो मनाची तयारी करून बसेल. किंवा नाही बसणार."

"मॅडम, तयारी करून आलेल्या माणसाला गोष्ट सांगायची म्हणजे जेवून आलेल्याला वाढायचं."

"देसले सर," प्राचार्य म्हणाले, "आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक बाटलीवर लिहिलेलं असतं. ज्वालाग्राही. विषारी. हाताळताना काळजी घ्या. मग तुमच्या पुस्तकांवर का नको?"

"कारण सर, ॲसिडच्या बाटलीचा शेवट काय होतो हे बघायला कुणी परवापर्यंत थांबत नाही."

प्राचार्यांना हे कळलं नाही, पण चेष्टा आहे एवढं कळलं. मॅडम म्हणाल्या, "सर, एका विद्यार्थिनीला खरंच त्रास झालाय. म्हणून म्हणते."

"कोणाला?"

"नाव नाही सांगू शकत. तिनं नको म्हटलंय."

नाव सरांना न सांगताच कळलं. पण 'त्रास' हा शब्द त्यांच्या घशाखाली उतरेना. गोष्टीचा त्रास? आपण काय छडी मारली? सरांच्या मनात आलं, ही आत्ताची पोरं, जरा कुठं खुट्ट झालं की यांना उशी लागते. आणि त्याच तिरमिरीत त्यांनी ठरवलं: सूचना पाहिजे ना? देतो. अशी देतो, की पुन्हा नाव काढणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी मराठी विभागाबाहेरच्या फळ्यावर सरांच्या मोत्यासारख्या अक्षरात पहिली सूचना लागली.

'पाठ तिसरा. या पाठात एक म्हैस आजारी पडते. ती बरी होते. परंतु मधली दोन पाने जिवाला घोर लावणारी आहेत. ज्यांच्या घरी म्हैस गाभण आहे त्यांनी वडीलधाऱ्यांच्या सोबतीने वाचावे.'

त्याखाली दुसरी. 'कविता सातवी. या कवितेत चंद्र आहे. ज्यांचं नुकतंच कुठे जमता जमता मोडलं असेल, त्यांनी खिडकीजवळ बसू नये.'

तिसरी एका प्रवासवर्णनाची होती. 'लेखक वाटेत जागोजागी जेवतो. उपवास असणाऱ्यांनी हा पाठ टाळावा. विशेषतः पान एकोणतीस, जिथे तूप आहे.'

सरांना वाटलं, आता हसून हसून हा प्रकार बंद पडेल. झालं उलटंच. मधल्या सुट्टीत फळ्यापुढं गर्दी व्हायला लागली. शास्त्र शाखेची पोरं, ज्यांचा मराठीशी संबंध दहावीतच सुटला होता, ती येऊन वाचायला लागली. फोटो काढून एकमेकांना पाठवायला लागली. एकोणतीस नंबरचं पान ग्रंथालयातल्या प्रतीत बोटं लागून लागून मळकट झालं. ज्या कथासंग्रहाची प्रत कपाटात वर्षानुवर्षं कोरी पडून होती, तिच्यासाठी पोरं ग्रंथपालाशी भांडायला लागली.

सर मुळात गोष्टीवेल्हाळ माणूस. चेष्टेनं सुरू केलेलं काम त्यांना आवडायला लागलं. रात्री जेवणानंतरचं टीव्हीचं सोडून ते सूचनाच लिहीत बसायचे. त्या वाढत चालल्या. एका कादंबरीची सूचना इतकी रंगली, की तिच्यात दोन खून, एक पळून जाणं आणि नदीला पूर एवढं सगळं आलं, आणि शेवटी 'पुढे काय होते ते सोसण्याची ताकद असेल त्यांनीच पान उलटावे' असं वाक्य पडलं. पोरांनी कादंबरी वाचली आणि तक्रार केली, की कादंबरी सूचनेइतकी चांगली नाही.

मग प्राचार्यांना एका पालकाचा फोन आला. त्याच्या मुलीच्या मोबाइलवर त्यानं फळ्याचा फोटो पाहिला होता. "पोरीला बीएला घातली ती खून आणि पळून जाणं शिकायला का?" असं त्यानं चढ्या आवाजात विचारलं. शिसोदे सरांना घाम फुटला. संध्याकाळपर्यंत नवीन परिपत्रक आलं: सूचनांमध्येच त्रासदायक मजकूर आढळत असल्यामुळे यापुढे प्रत्येक सूचनेच्या आधी, पुढे सूचना आहे, अशी सूचना देण्यात यावी.

देसले सर ते परिपत्रक घेऊन घरी आले आणि उषाताईंना वाचून दाखवताना इतके हसले, की डोळ्यांत पाणी आलं. उषाताई हरभरे निवडत होत्या. त्या हसल्या नाहीत.

"एक इचारू का?"

"विचार की."

"टीव्हीवर दवाखाना दिसना, का तुम्ही गच्चीवर पळतस. कपडा काढाले जास सांगतस. कपडा तं मी दुपारलेच काढेल ऱ्हातस."

सरांचे वडील, तोतारामनाना, धुळ्याच्या दवाखान्यात गेले त्याला बरीच वर्षं झाली होती. शेवटचे दिवस सर त्यांच्या खाटेशी बसून होते. तेव्हापासून मालिकेत सलाइनची बाटली दिसली, की त्यांचे पाय आपोआप जिन्याकडे वळत. हे उषाताईंना कळतं, याची त्यांना कल्पना नव्हती.

"मी कधी म्हनी का, का तुम्ही मालिकेना अपमान करा?" उषाताई म्हणाल्या आणि खडा काढून बाजूला टाकला. "उलटं ते संपनं, का मीच हाक मारस, आते या."

ही गोष्ट खरी होती. प्रसंग संपला की उषाताई जिन्यातून हाक मारत, 'या खाली, संपनं.' सर इतकी वर्षं त्या हाकेवर खाली येत होते. ती सूचना होती, हे त्यांच्या ध्यानात कधी आलं नव्हतं.

त्या रात्री सरांनी नवी सूचना लिहिली नाही. दिपमाला मात्र त्या दिवसानंतर मराठीच्या तासाला आलीच नव्हती, हे त्यांना आठवत राहिलं.

पुढच्याच आठवड्यात सकाळी कॉलेजच्या दारात एक पिकअप गाडी येऊन थांबली. तिच्यातून तीन माणसं उतरली. पांढरे कपडे, टोप्या, पायांत धुळीनं भरलेल्या चपला. सर्वांत पुढं होता तो दिपमालाचा बाप, पुना महाजन. त्यानं मगन शिपायाला विचारलं, "मराठीना देसले सर कोठे भेटतीन?"

मगननं हे आधी प्राचार्यांना जाऊन सांगितलं. जाता जाता तीन माणसांची पाच केली. शिसोदे सर उभेच राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढं मोर्चा, फलक, वर्तमानपत्रातला मथळा सगळं एकदम आलं. त्यांनी चहा मागवला, मग कचोरी मागवली, मग देसले सरांना आणि हेमांगी मॅडमना बोलावलं. केबिनमध्ये तिघे पाहुणे खुर्च्यांच्या कडेला बसले होते, कचोरीला कुणी हात लावला नव्हता.

"हे बघा पुनाभाऊ," प्राचार्य घाईनं म्हणाले, "फळ्यावर जे काही लिहिलं गेलं ते आम्ही आजच पुसून टाकणार आहोत. चौकशी समिती नेमणार आहोत."

पुनाभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. फळ्याचं त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"देसले सर कोनते?"

"मी," सर म्हणाले.

"सर, ती विहीरनी गोष्ट. तुम्ही वर्गमा वाची राहिनात ती." पुनाभाऊ थांबले. "तो पोऱ्या वाचना का नई?"

केबिनमध्ये कुणालाच काही कळेना. पुनाभाऊंच्या सोबतचा माणूस, त्यांचा मेहुणा, खाली बघत होता. पुनाभाऊ सावकाश सांगायला लागले. गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांचा धाकटा मुलगा शेतातल्या विहिरीत पडून गेला. आई बादली आणायला घराकडे वळली होती, तेवढ्यात. दिपमाला तेव्हा परीक्षेला पाचोऱ्यात होती. त्या दिवशी ती कॉलेजातून लवकर घरी आली, आईनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, की पुस्तकात आपल्यासारखीच गोष्ट होती, मी अर्धी सोडून आले.

"त्या दिनपाईन मन्ही बाई मले एकच इचारस. पुढे काय व्हयनं. तो पोऱ्या वाचना का. तिले कोनी बोलनं का. पोर वाचाले बठनी, का तिना गळा दाटी येस. मले तं वाचता येत नई. म्हनीसन उनू तुम्हनाकडे इचाराले."

हेमांगी मॅडमनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. आयुष्यभर ज्या प्रश्नाला देसले सर 'परवा बघू' म्हणत आले, तोच प्रश्न समोर बसला होता. त्याला परवाचं उत्तर देता येणार नव्हतं.

"नाही वाचत, पुनाभाऊ," ते म्हणाले. "पोरगा जातो."

पुनाभाऊंनी मान हलवली. जणू त्यांना माहीत होतं. "आनि तिले कोनी बोलनं का?"

"बोलतात. सासू बोलते. गाव बोलतं."

"नवरा?"

"नवरा काहीच बोलत नाही. बरेच दिवस. मग एक दिवस दगड आणतो आणि विहिरीला कठडा बांधायला घेतो. एकटाच. शेवटी ती पाणी भरायला जाते, तेव्हा तो कठडा तिच्या कमरेइतका आलेला असतो. ती त्याच्यावर हात ठेवते. गोष्ट तिथं संपते."

पुनाभाऊ म्हणाले, "आम्ही बी बांधा. पोऱ्या गया मंग बांधा." आणि पहिल्यांदा त्यांनी चहाचा कप उचलला.

प्राचार्य शिसोदे चांगले होते मनाचे. त्यांनी डोळे पुसले आणि दुसरं काही न सुचून कचोरीची बशी पुढं सरकवली.

जाताना पुनाभाऊंनी दारात थांबून विचारलं, "सर, येक दिन घर येतस का? बाईले वाची दखाडा. मन्हाघाई तुम्हनासारखं सांगता येवाव नई."

रविवारी देसले सर एसटीनं त्यांच्या गावी गेले. पिशवीत पुस्तक आणि उषाताईंनी दिलेला चिवडा. दिपमाला स्टँडवर घ्यायला आली होती. थोडं चालल्यावर सर म्हणाले, "दिपमाला, मी आधी सांगायला हवं होतं."

"तुम्हाला माहीत नव्हतं, सर."

"माहीत नव्हतं म्हणूनच सांगायला हवं होतं."

तिनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

दिपमालाची आई कस्तुराबाई ओसरीवर सतरंजी टाकून तयार बसली होती. सरांना वाटलं होतं, एखादी खचलेली, डोळे सुजलेली बाई असेल. होती ताठ, काटक, पदर खोचलेली. तिनं सरांना पाणी दिलं, खुशाली विचारली आणि म्हणाली, "वाचा."

शेजारच्या दोन म्हाताऱ्याही येऊन टेकल्या. एक शेळी ओसरीच्या पायरीला तोंड लावून उभी राहिली. तिला हाकलली तरी ती जाईना. सरांनी घसा साफ केला. आधी म्हणाले, "कस्तुराबाई, गोष्टीत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही थांबा म्हणाल तिथं मी थांबेन."

आणि कस्तुराबाईनं थांबवायला सुरुवात केली. पहिल्याच पानावर. "थांबा. चहा टाकस." चहा झाला. सरांनी पुन्हा सुरू केलं. दोन परिच्छेदांनी, "थांबा सर, गायले पेंड देवानी ऱ्हायनी." गाईची पेंड झाली. लिंबाच्या झाडाचा उल्लेख आला, तर एका म्हातारीनं आपल्या माहेरच्या लिंबाची हकिगत सुरू केली, आणि सगळ्यांनी ती पुरी ऐकून घेतली. ज्या सरांना वर्गात पेन पडलेलं चालत नसे, ते पुस्तकात बोट घालून बसून राहिले. शेळीनं दरम्यान चिवड्याची पुडी फोडली.

बाई दोर आणायला वळते, ती जागा आली. सरांचा आवाज सवयीनं उतरला. मग त्यांनी वाचणंच थांबवलं आणि वर बघितलं.

"ते पान ऱ्हाऊ द्या," कस्तुराबाई म्हणाली.

सरांनी ते पान उलटलं आणि पुढून वाचलं. सासू बोलते ते वाचलं. गाव बोलतं ते वाचलं. तिथं मात्र कस्तुराबाईनं थांबवलं नाही. उलट "आजून वाचा, काय काय बोलनात ते बठ्ठं वाचा" म्हणाली आणि मध्ये मध्ये "हां, हाईच, हाईच बोलतस" म्हणून म्हाताऱ्यांकडे बघितलं. एका म्हातारीनं गडबडीनं पदर सावरला.

नवरा दगड आणतो तिथं पुनाभाऊ उठून गोठ्याकडे गेले.

गोष्ट संपली तेव्हा उन्हं कलली होती. दहा पानांची गोष्ट, अख्खी दुपार गेली. सरांनी पुस्तक मिटायला घेतलं, तेव्हा कस्तुराबाई म्हणाली, "आते ते पान वाचा."

"वाचू?"

"वाचा. आते वाचा."

सरांनी वाचलं. आवाज न उतरवता, न थांबता, जसं लिहिलं होतं तसं. दिपमाला आईला टेकून बसली होती. या वेळी ती उठली नाही. सरांनीच एका ठिकाणी पाणी मागितलं आणि पान पुरं केलं.

कस्तुराबाईनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि मग एकदम विचारलं, "तिनं नाव काय शे?"

"कुणाचं?"

"त्या बाईनं."

सरांनी पानं चाळली. ही गोष्ट त्यांनी किती वेळा शिकवली होती, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं. "नाव दिलेलं नाही. लेखक नुसतं 'ती' म्हणतो."

"पोऱ्यानं नाव शे," कस्तुराबाई म्हणाली. "गायनं नाव शे. आनि मायले नाव नई?"

"तो लेखकाचा विचार असतो, आई," दिपमाला म्हणाली. "म्हणजे ती कुणीही असू शकते. सर सांगतील."

सर सांगणार होते. त्यांच्याकडे त्यावर पाऊण तासाचं व्याख्यान तयार होतं. पण कस्तुराबाईच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ते गिळलं.

"काय नाव ठेवू या?" त्यांनी विचारलं.

यावर ओसरीवर चर्चा झाली. एका म्हातारीनं आपलंच नाव सुचवलं, ते लगेच नामंजूर झालं. दुसरी म्हणाली, धुरपदा ठेवा. पण गावात आधीच एक धुरपदाबाई होती आणि तिचं कुणाशी पटत नव्हतं. शेवटी कस्तुराबाई म्हणाली, "ताईबाई लिखा. मन्ही मोठी बहीन शे. तिले कोनी काही बी बोलो, ती तठेच उभी ऱ्हास."

सरांनी खिशातून पेन्सिल काढली. पहिल्या पानावर, जिथं 'ती' पहिल्यांदा विहिरीवर येते, तिथं समासात लिहिलं: ताईबाई.

पुढच्या सोमवारी सरांनी वर्गात 'कठडा' पहिल्यापासून घेतली. गोष्ट सुरू करण्याआधी म्हणाले, "यात एक लहान मुलगा विहिरीत पडून जातो. तो वाचत नाही. कुणाला बाहेर जायचं असेल तर जा, विचारायची गरज नाही. ते पान संपलं की मी दारात येऊन सांगेन." बस, एवढंच. फळ्यावरचं सगळं त्यांनी आधीच पुसून टाकलं होतं. मागच्या बाकावरचा एक पोरगा नाराज झाला. त्याला म्हशीच्या सूचनेसारखं काहीतरी लांबलचक हवं होतं.

सरांना भीती होती, की शेवट सांगितल्यावर वर्ग ऐकणार नाही. वर्ग ऐकत होता. मुलगा जाणार हे माहीत असल्यामुळे तो लिंबाखाली खेळतो ती ओळसुद्धा पोरं जपून ऐकत होती. त्या पानाला दिपमाला बाहेर गेली, आणखी दोघं गेली. त्या दोघांचं कारण काय होतं ते सरांनी विचारलं नाही. पान संपलं. सर दारात जाऊन म्हणाले, "या आत, संपलं." तिघंही आली.

मे महिन्यात परीक्षा झाल्या, पेपर तपासणीला गेले. जूनच्या सुरुवातीला एका दुपारी देसले सरांना धुळ्याहून फोन आला. परीक्षक अहिरराव सर होते, जुने ओळखीचे, शिस्तीचे.

"देसले, एक भानगड आहे," ते म्हणाले. "तुमच्या कॉलेजचा गठ्ठा माझ्याकडे आहे. 'कठडा'वर प्रश्न होता, नायिकेचं स्वभावचित्र रेखाटा. सगळ्या पोरांनी लिहिलंय, ताईबाई ही खंबीर स्त्री आहे. ताईबाईनं असं केलं, ताईबाई तसं म्हणाली. मी गोष्ट तीनदा वाचली. ही ताईबाई कोण?"

देसले सर खुर्चीत मागं रेलले.

"आहे एक. तुमच्या प्रतीत छापायची राहून गेली असेल."

"मग मार्क देऊ का नको?"

"द्या," सर म्हणाले. "आणि अहिरराव, स्वभावचित्र बरोबर आलंय का ते तेवढं बघा."

पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला. मग अहिरराव सर म्हणाले, "आलंय खरं. एकीनं तर सहा पानं लिहिलीत, भरात खाली दिपमाला असं नावही घातलंय. पुरवण्या जोडल्यात."